गंगीचे पाय

"मुंग्या आल्यासारखं वाटेल. सोसेनासं झालं की सांगा हं, मावशी," म्हणत वर्षाने हातातल्या मशीनचं बटण थोडं पुढे फिरवलं.

खाटेच्या कडेला बसलेली गंगी स्वतःच्या मांडीकडे डोळे लावून बघत होती. लुगडं वर सारलेलं, मांडीवर चार काळे चिकट चौकोन, आणि त्यांच्यातून निघालेल्या वायरी वर्षाच्या मुठीतल्या डबीत गेलेल्या. मांडी तरी कसली, हाडावर वाळत घातलेलं कातडं. घोटे मात्र सुजून चकाकत होते. अचानक त्या कातड्याखाली काहीतरी उठलं. ताठ झालं, थरथरलं, क्षणभर तसंच राहिलं आणि मग सैल पडलं.

"अगं बाय!" गंगीने खाटेचा लोखंडी दांडा पकडला. "ये कोण हालवते?"

"कोणी नाही. तुमचाच स्नायू आहे."

"मी नाय सांगितला त्याला."

भिंतीला टेकून उभा असलेला तिचा नवरा लाहू फसकन हसला. किती महिन्यांनी हसला होता, त्याचं त्यालाही आठवलं नसतं. हसून झाल्यावर त्याने ओशाळून टॉवेलने तोंड पुसलं.

दोन हजार सोळाचा पावसाळा संपत आला होता. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगावर असलेल्या पाड्यावरून लाहूने गंगीला पाठुंगळीला मारून सडकेपर्यंत आणलं होतं आणि तिथून जीपने डहाणूच्या या लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यात. एके काळी हीच गंगी भाताचे भारे डोक्यावर घेऊन तो चढ चढायची आणि वर पोचल्यावर मागून येणाऱ्या बायांना हसायची. आता तिला चुलीपासून दारापर्यंत जायचं तर मध्ये भिंत धरावी लागे. रात्री आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून ती भाताच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवून झालं होतं. हृदयाचा स्नायू फुगून ढिला पडलाय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं आणि डहाणूला पाठवून दिलं.

वर्षा त्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. वाणगावची. वय तिशीच्या आत, बोलणं थेट. पहिल्याच दिवशी तिने गंगीला चार पावलं चालवून बघितलं आणि पाचव्या पावलाला खाली बसवलं.

"हृदय रक्त कमी ढकलतं म्हणून तुम्ही चालत नाही," तिने समजावलं. "चालत नाही म्हणून पाय वाळतात. पाय वाळले की नुसतं उठलं तरी धाप लागते. म्हणून अजून कमी चालता. आता व्यायाम करा म्हटलं तर तेवढीही ताकद नाही. म्हणून आधी हे मशीन. पाय बसल्या जागी काम करतील, हृदयावर फार ओझं येणार नाही. जरा जोर आला की मग आपण चालायचं."

"मंग काळीज बरं होल?"

वर्षाने मान हलवली. "नाही, मावशी. खोटं नाही सांगत. याने हृदय बरं होत नाही. आहे तेवढ्या हृदयावर जरा जास्त चालता येतं, एवढंच."

गंगीने तिच्याकडे बघितलं. ती सगळ्यांनाच एकेरी बोलायची, डॉक्टरलासुद्धा.

"तू खरी बोलतेस ते बरं हाय," ती म्हणाली. "माना जास्त नको. पोऱ्या येल तवर पाय पाहिजे. तो येल तवा मी उभी पाहिजे."

पोऱ्या म्हणजे विनोद. पाऊस ओसरला की तलासरी-डहाणूकडची पोरं टेम्पो भरून गुजरातच्या बंदरांवर जातात, मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून, आणि उन्हाळ्यात परत येतात. विनोद तिसऱ्यांदा गेला होता. मागच्या थंडीत त्याची बोट हद्दीपलीकडे गेली म्हणून पाकिस्तानच्या लोकांनी पकडली. बोटीवरचे सगळे कराचीच्या तुरुंगात. हे लाहूला सांगितलं ते टेम्पोवाल्याने, सडकेच्या कडेला उभं राहून, इंजिन चालू ठेवून. लाहूने घरी येऊन सांगितलं तेव्हा गंगी नाचणी पाखडत होती.

"समुद्रात कसली हद्द?" तिने विचारलं होतं. "तिथं काय कुंपण घातलाय?"

त्यानंतर महिन्याभरात तिचे पाय सुजले.

* * *

दवाखान्यात रोज सकाळी मशीन लागायचं. आधी उजवी मांडी, मग डावी, मग पोटऱ्या. पहिले काही दिवस गंगी त्या उसळणाऱ्या पायांकडे परक्या जनावराकडे बघावं तशी बघायची. मग सवय झाली. एका सकाळी वर्षाने तिला म्हटलं, "चला, दारापर्यंत जाऊ," आणि गंगी दारापर्यंत गेली. धापली, पण बसली नाही. पुढच्या आठवड्यात व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिथून चिकूच्या बागा दिसायच्या. गंगी कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हवा बरी हाय इथं." वर्षा मागे नुसती उभी होती. नाडीवर बोट ठेवायचं तिला काही वेळ सुचलंच नाही.

कायम दवाखान्यात राहणं शक्य नव्हतं. भात कापणीला आला होता. वर्षाने मोठ्या डॉक्टरांशी बोलून, थोडं भांडूनच, सेलवर चालणारं एक लहान मशीन घरी न्यायला मिळवून दिलं आणि लाहूला खाटेवर बसवून शिकवलं. चौकोन कुठे लावायचे, कातडी आधी कशी पुसायची, बटण कुठवर फिरवायचं. त्या ठिकाणी तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

"याच्या पुढे जायचं नाही, काका. काही झालं तरी."

लाहूने मान डोलावली. त्याचे हात आयुष्यभर कोयता आणि नांगर धरलेले, बोटं राठ. पहिल्या दिवशी घरी त्याच्याच्याने तो चिकट चौकोन कागदावरून सुटेना. सुटला तर त्याच्याच अंगठ्याला चिकटला.

"दे इकडं," गंगी वैतागली.

"थांब, लावतो." त्याने ओल्या फडक्याने तिची मांडी पुसली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी, दार उघडं असताना, त्याने तिच्या पायांना असा हात लावला नव्हता. दोघांनाही लाज वाटली. शेजारची जमना दारात येऊन उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"लागते काय?" लाहू विचारायचा.

"नाय. बरं वाटते."

मशीन झालं की चालणं. आधी घर ते गोठा. मग घर ते मोहाचं झाड. दिवाळीनंतर एकदा लाहू शेतावरून आला तर गंगी घरात नव्हती. तो धावत हातपंपावर गेला. तिथे ती लहान हंडी कमरेवर घेऊन उभी होती, अर्धीच भरलेली.

"मरायचा हाय काय तुला?" तो ओरडला.

"नाय," गंगी म्हणाली. "तेच तर नाय मरायचा."

सुक्या बोंबलाचा वास शेजारून आला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. चिंचणीच्या बाजारातले बोंबील ती पूर्वी चुलीवर भाजून नाचणीच्या भाकरीशी खायची. आता खारं बंद. भात, आळणी डाळ. ती कुरकुर न करता खायची. विनोद येईपर्यंत काय वाट्टेल ते खायची तिची तयारी होती.

* * *

त्या थंडीत काही खलाशी सुटले. त्यात विनोद नव्हता. पण ओढ्यापलीकडच्या पाड्यावरचा काकड्या आला. दुसऱ्या बोटीवरचा, पण तुरुंगात विनोदच्याच बराकीत होता, असं कळलं.

"मी जाऊन येतो," लाहू म्हणाला.

"मी पण येते."

"ओढा उतरायचा हाय. मंग चढ हाय."

"माहीत हाय माना कुठं काय हाय."

सकाळच्या उन्हात दोघं निघाली. गंगी दर थोड्या वेळाने थांबायची, काठीवर दोन्ही हात ठेवून श्वास गोळा करायची आणि पुन्हा निघायची. लाहूने एकदाही घाई केली नाही. ओढ्यातल्या दगडांवरून जाताना त्याने हात पुढे केला, तो तिने धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला. पाड्यावर पोचली तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते, पण ती आपल्या पायांनी आली होती. काकड्याची आई, रूपी, तिला बघून उठून उभी राहिली.

काकड्या ओट्यावर बसला होता. केस बारीक कापलेले, नजर खाली. आईला काही काम करताना दिसावं म्हणून हातात भाताची पेंढी घेतली होती, पण हात चालत नव्हते.

"बरा हाय विनोद," तो म्हणाला.

"बरा म्हंजी कसा?" गंगीने विचारलं.

"हाय बरा."

"काकड्या, मी ओढा उतरून आलीय. कशी आलीय ते तुला माहीत नाय. माना खरा सांग."

काकड्याने आईकडे बघितलं. रूपीने मान फिरवली.

"खोकला हाय त्याला," तो हळू आवाजात म्हणाला. "ताप येते मधी मधी. रक्त पडला एकदा. डॉक्टरकडं नेला होता, मंग परत आणला. जेवण जात नाय. मी माझा गूळ देत होतो त्याला." त्याने पेंढी खाली ठेवली. "तुझ्या आजाराचा कागद आला तवापासून तुझाच विचारायचा. आय चालते का बोलायचा. मी बोलायचो, चालते, चालते. माना काय माहीत होता?"

गंगी काठी घेऊन उठली. परतीच्या वाटेवर ती लाहूच्या पुढे चालत होती. लाहूला तिच्यामागे धावल्यासारखं करावं लागलं.

* * *

दुसऱ्या दिवसापासून ती लाल ठिपक्याच्या पुढे गेली. लाहू शेतावर गेला की स्वतःच चौकोन लावायची. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. मांडी दगडासारखी आवळून यायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण बटण मागे जायचं नाही. पोरगा लवकर येणार असेल तर पायही लवकर व्हायला हवेत. आणि तो आजारी असेल तर येताना त्याला धरून चढवायला कोण? लाहूचा एकटा खांदा पुरायचा नाही.

महिन्यातल्या एका शनिवारी वर्षा तलासरीला कॅम्पसाठी यायची आणि तिथून गंगीकडे चढून यायची. या खेपेस तिने लुगडं वर करून बघितलं. मांडीवर चौकोनाच्या आकाराचे लालभडक चट्टे होते. एकाची कातडी सुटली होती.

"काका, हे काय?"

लाहू बघतच राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मावशी, किती वर नेलं होतंत?"

"शेवटपर्यंत."

"जास्त करंट म्हणजे जास्त जोर नाही! किती वेळा सांगितलं? स्नायू थकतो, भाजतो. हे चिघळलं तर? तुमचं हृदय... तुम्हाला कळतंय का काय करताय तुम्ही?"

"माना कळते," गंगी म्हणाली. आवाज चढला नाही. "तुलाच कळत नाय. माझा पोऱ्या तिकडं रक्त टाकते. तू बोलतेस हळू हळू. हळू कुठवर? तो येल तवर मी कुठल्या पायांवर थांबू?"

वर्षाने पिशवीतून मलम काढलं, चट्ट्यांना लावलं, वर हलकं फडकं बांधलं. हात चालू ठेवले म्हणून तिचं रडू बाहेर आलं नाही. जाताना ती मशीन नेईल असं लाहूला वाटलं. तिने नेलं नाही.

"जखम भरेपर्यंत फक्त पोटऱ्यांना लावा," ती दारातून म्हणाली. "आणि चालत राहा. मावशी, तो आला की मला कळवाल ना?"

"तू पण ये," गंगी म्हणाली. "कोंबडा कापू."

जखम भरली. उन्हाळा गेला. पेरणी झाली, लावणी झाली. गंगी शेताच्या बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधून द्यायची. आणखी एकदा काही खलाशी सुटल्याची बातमी आली. लाहू तलासरीला जाऊन विचारून आला. घरात शिरताना त्याने नकारार्थी मान हलवली आणि गंगीने भात वाढायला घेतला.

* * *

पावसाळा संपता संपता पोलीस पाटील आणि तहसील कचेरीतला एक माणूस शेतावर आले. घरी न जाता मुद्दाम शेतावर. लाहूने ऐकून घेतलं. मग हातातलं गवत तसंच बांधावर ठेवून तो सडकेवर गेला आणि दुकानातून वर्षाला फोन लावला.

"म्याडम, विनोद गेला," तो म्हणाला. "तिला सांगू का? सांगितला तर मरल काय ती?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काका, मी येते. मी आल्यावर सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षा पाड्यावर पोचली. खांद्याच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, गोळ्या, सुई. गंगी अंगणात भात वाळत घालत होती. तिने वर बघितलं.

"आज तर शनिवार नाय," ती म्हणाली.

वर्षाने लाहूकडे बघितलं. लाहूने टॉवेल तोंडाला लावला. गंगीच्या हातातलं सूप हळूहळू खाली गेलं.

"कवा?" तिने विचारलं.

"महिना झाला म्हणतात," वर्षा म्हणाली. "आजारानेच. आता आणतायत. कागदांना वेळ लागला."

"महिना." गंगीने ओठ हलवून तो शब्द पुन्हा म्हटला. "महिनाभर मी चालत होते. त्याच्यासाठी पाय बनवत होते."

ती मेली नाही. लाहूला वाटलं होतं तसं काही झालं नाही. वर्षाने नाडी धरली, ती वेडीवाकडी पळत होती, पण पळत होती. जमनाने तिला आत नेलं. ती पोत्याला टेकून बसली आणि तीन दिवस तशीच बसली. मशीन कोनाड्यात पडून होतं. पायांवर सूज पुन्हा चढली. लाहूने गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या की ती गिळायची, न ठेवल्या तर मागायची नाही.

चौथ्या दिवशी निरोप आला, उद्या दुपारी गाडी येणार. विमानाने अहमदाबादपर्यंत आणलंय, तिथून गाडीने.

संध्याकाळी गंगीने पाय पुढे पसरले.

"लाव," ती म्हणाली.

लाहूला आधी कळलं नाही.

"मशीन लाव. उद्या सडकेवर जायचा हाय."

त्याने फडकं ओलं केलं. चौकोन लावले. बटण ठिपक्यापर्यंत नेलं. मांडी उठली, पडली, उठली, पडली. दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

* * *

गाडी दुपारी आली. पाड्याकडे येणारी वाट तिच्यासाठी नव्हती, म्हणून सडकेवरच थांबली. पांढरी गाडी, गुजरातचा नंबर, चाकांना चिखल. सगळा पाडा खाली उतरला होता. गंगीही उतरली होती. लाकडी पेटी बाहेर काढली तेव्हा सोबत आलेल्या माणसाने सांगितलं, पेटी उघडायची नाही, फार दिवस झालेत. लाहूने हात जोडले. गंगीने पेटीवर तळवा ठेवला, लाकूड एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत चाचपलं आणि विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला हाय?"

माणसाला माहीत नव्हतं.

चौघांनी पेटी खांद्यावर घेतली. गंगी मागे निघाली. वर्षा तिच्या शेजारून चालत होती, मध्येच हात धरायला बघत होती, गंगी धरू देत नव्हती. चढावर ती थांबली तेव्हा पेटीही थांबली. ती निघाली की पेटी निघायची. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं.

ओढ्याकाठी सगळं उरकलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लोक अंगणात बसून होते. जमनाने आपल्या घरून भाताचं पातेलं आणून ठेवलं होतं, पण कोणी हात लावत नव्हतं. सोबत आलेला माणूस लाहूकडून कागदांवर अंगठे घेत होता.

गंगी उठली. तिने एका ताटात भात घेतला, वर डाळ घातली, दुसऱ्या हातात पाण्याची लोटी घेतली.

"कुठं?" लाहूने विचारलं.

"गाडीवाला खाली हाय. दुपारपासून कोणी विचारला नाय त्याला."

"मी देतो."

"नको."

वर्षा उठायला लागली, तर लाहूनेच तिला हाताने बसवलं.

ड्रायव्हर गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसला होता. पन्नाशीचा गुजराती माणूस, डोळे तांबारलेले. समोर ताट आलेलं बघून तो गडबडला. ही कोण, ते त्याला सांगावं लागलं नाही. तो उठून उभा राहिला.

"बस," गंगी म्हणाली. "जेव."

त्याने ताट मांडीवर घेतलं, भात कालवला, घास उचलला.

"अमदावादहून तूच आणला?"

"हा, मा."

"रात्रभर?"

"हा."

गंगी गाडीच्या मागच्या उघड्या जागेकडे बघत होती. आत एक दोरी आणि घडी घातलेली ताडपत्री होती.

"इकडचा रस्ता जाम खराब हाय," ती म्हणाली. "पोऱ्याला हिसके बसले काय?"

ड्रायव्हरने घास परत ताटात ठेवला.

"ना, मा," तो म्हणाला. "धीमे धीमे ज लाव्यो छुं."

गंगीने मान डोलावली. "हळू आणलास, बरं केलास," ती म्हणाली. "जेव आता."

तो जेवेपर्यंत ती लोटी धरून तिथेच उभी राहिली. मग तिने त्याच्या हातांवर पाणी ओतलं, रिकामं ताट उचललं आणि चढाला लागली.